आधी पाणी, मग मासा

केरळात सह्याद्रीवरून वेगाने उतरणाऱ्या नद्यांत तांबडा आणि काळा असे दोन पट्टे मिरवणारा एक मासा राहतो. फ्रान्सिस डे यांनी १८६५ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. २०१३ मध्ये त्याच्या वंशाला ‘सह्याद्रिया’ हे नाव मिळाले. बाजारात त्याला ‘मिस केरळ’ म्हणतात.

हे मासे मी प्रथम आणले, तेव्हा काचेची टाकी धुऊन, ताजे पाणी भरून त्याच दिवशी त्यांना आत सोडले. आठवडाभरात एकही उरला नाही. दोष माझ्या घाईचा होता.

माशांच्या उत्सर्गातून विषारी अमोनिया पाण्यात मिसळतो. वाळूत व गाळणीत वाढणारे जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर पुष्कळच कमी अपायकारक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्रेट काही अंशी पाणवनस्पती शोषून घेतात. उरलेले पाणी बदलून काढावे लागते. नव्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकत राहिले, तरी हे जीवाणू पुरेसे वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. शिवाय हा मासा कळपाने राहणारा; त्याला लांब टाकी आणि प्राणवायूयुक्त, खेळते पाणी हवे.

आज तो संकटग्रस्त गणला जातो, आणि शोभेसाठी होणारी पकड हे त्याचे एक कारण आहे. टाकीत मेलेला मासा नदीतूनही उणा झालेला असू शकतो. बंदिस्त पाण्यातही त्याची पैदास होते. म्हणून घेताना मासा कोठला, हे विचारावे. आणि माशाविना टाकी सांभाळण्याचा धीर नसेल, तर मासा नदीतच राहू द्यावा.