ढवळणी थांबली, हे कोण सांगणार?

(वाराणसी येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)

साथींनो,

आपण ज्या शहरात जमलो आहोत, तेथील कारखान्यातून जानेवारी १९६४ मध्ये पहिले डिझेल इंजिन बाहेर पडले. २०२० पासून त्याचे नाव बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स आहे आणि तेथे विजेची इंजिने बनतात. या इंजिनांच्या थ्री-फेज मोटरमध्ये फिरणारा रोटर बाहेरच्या वेटोळ्यांना कुठेही चिकटलेला नसतो. मधल्या फटीतून चुंबकीय क्षेत्रच त्याला ओढून फिरवते. रासायनिक कारखान्यांतील उच्च दाबाच्या रिअॅक्टरमध्येही चुंबकाची हीच ओढ वापरतात. आज त्याविषयी बोलायचे आहे.

रेल्वे-टपालवाल्यांना त्याचे काय, असे कोणी विचारील. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि तो स्टेशनात शिरला. ड्यूटीवरचे आपले रेल्वे साथी त्यात बळी पडले. डेप्युटी स्टेशन सुपरिंटेंडेंट गुलाम दस्तगीर यांनी वरच्या हुकमाची वाट न पाहता फलाटावरची गाडी वेळेआधी सोडली आणि असंख्य प्रवासी वाचले. त्या अपघाताचे कारण ढवळणी नव्हती, टाकीत पाणी शिरले होते. पण कारखान्याचा वायू कुंपणापाशी थांबत नाही, हा धडा आपला आहे. आमचे आर.एम.एस.चे साथीही त्याच फलाटांवर काम करतात.

आता यंत्राकडे वळू. टूथपेस्टमध्ये सॉर्बिटॉल असते. ग्लुकोजच्या पाकात निकेलची पूड घालून, मोठ्या दाबाखाली हायड्रोजन मिसळून ते तयार करतात. हे मिश्रण सतत ढवळावे लागते. ढवळणीचा दांडा झाकणातून आत जातो, तेथे ग्लँड आणि पॅकिंग आले. वाफेच्या इंजिनावर काम केलेल्या वडीलधाऱ्या साथींना पिस्टन रॉडचा ग्लँड सांगायला नको. पॅकिंग झिजले की वाफ फुसफुसते. तेथे वाफ होती, येथे हायड्रोजन आहे. हवेत तो ४ ते ७५ टक्के असला की ठिणगीने स्फोट होतो. त्याची ज्योत दिवसा जवळजवळ दिसतही नाही.

चुंबकी ढवळणीत झाकणाला भोकच नसते. झाकणावर चुंबकाला न अडवणाऱ्या स्टेनलेस पोलादाची बंद टोपी असते. टोपीबाहेरचे चुंबक मोटर फिरवते आणि आत दांड्यावर बसवलेले चुंबक त्यांच्या मागोमाग फिरतात. ग्लँड गेला, गळतीही गेली. ही सुधारणा खरी आहे आणि संघटनेने तिचे स्वागतच केले पाहिजे.

पण चुंबकाच्या ओढीला मर्यादा असते. माल घट्ट झाला किंवा आतले बेअरिंग अडकले, तर चुंबकांची पकड सुटते. बाहेर मोटर तशीच घुमत राहते आणि आत ढवळणी उभी राहते! कामगाराला वाटते, सगळे ठीक आहे. तिकडे आत घातलेला माल न मिसळता साठत जातो. मग कोणी ढवळणी एकदम पुन्हा चालू केली, तर साठलेला सगळा माल एकाच वेळी पेट घेतल्यासारखा प्रक्रिया करतो आणि उष्णता व दाब हाताबाहेर जातात. शिवाय चुंबक तापले की कमजोर होतात. म्हणून टोपीभोवती थंड पाणी खेळवावे लागते.

पूर्वी बिघाड कानाला आणि नाकाला कळत असे. आता तो मुका झाला आहे. म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. मोटरचा वेग पुरेसा नाही, आतल्या दांड्याचा वेग दाखवणारे मीटर हवे. वेग पडताच माल आत जाणे आपोआप बंद झाले पाहिजे. बेअरिंग आणि थंड पाण्याच्या तपासणीची नोंदवही कामगाराला पाहता आली पाहिजे. आणि शंका आल्यावर रिअॅक्टर थांबवणाऱ्या कामगारावर मेमो निघता कामा नये.

भोपाळनंतर, १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोका जवळ आल्याची सूचना देण्याचा हक्क कामगारांना मिळाला. त्या कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा संहिता आली, तरी हा हक्क तिच्यातही आहे. मात्र कंत्राटी कामगाराला उद्याच्या कामाची शाश्वती नसेल, तर तो तोंड कसे उघडील? दस्तगीरांच्या मागे कायम नोकरी होती आणि संघटित खाते होते. तेवढा आधार डोंबिवलीच्या आणि तारापूरच्या कंत्राटी पोराला मिळवून देणे हे आपलेही काम आहे. त्याच्या कारखान्याला लागूनच आपली लाइन जाते, त्याच्या वस्तीतच आपला पोस्टमन फिरतो.

कामगार एकजुटीचा विजय असो!