पदकांच्या आधीच्या दुर्गाबाई

अध्यक्षाने चित्रपट-अभ्यासाच्या सद्यःस्थितीचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे आणि निमंत्रणपत्रिकेतही माझ्या भाषणाचा विषय तसाच छापला आहे. आढाव्यापुरते एवढेच सांगतो की जुन्या मराठी-हिंदी चित्रपटांवर आज पूर्वीपेक्षा अधिक लिहिले जाते आणि ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र जुन्या अभिनेत्रींवर ज्या पद्धतीने लिहिले जाते ती पद्धत मला मान्य नाही. हे म्हणणे मी बरीच वर्षे मनात बाळगून आहे. आज बोलायची संधी मिळाली आहे, तर उरलेला सगळा वेळ मी त्यालाच देणार आहे.

नटीचे चरित्र लिहिताना आपण सुरुवातीला तिचे घराणे सांगतो आणि शेवटी तिचे पुरस्कार मोजतो. मधली चाळीस-पन्नास वर्षे ती जे काम करत होती, ते चित्रपटांच्या नावांच्या यादीत गुंडाळले जाते. या पद्धतीने सर्वांत जास्त नुकसान झाले ते दुर्गा खोटे यांचे, म्हणून त्यांचेच उदाहरण घेतो. जन्म १४ जानेवारी १९०५, सॉलिसिटर लाड यांची कन्या, खोटे घराण्याची सून, ‘अयोध्येचा राजा’मधली तारामती, ‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई, पद्मश्री, दादासाहेब फाळके पुरस्कार, २२ सप्टेंबर १९९१ रोजी निधन. एवढ्याच ओळी या लेखातून त्या लेखात फिरत राहतात. त्यांतली एकही ओळ चुकीची नाही. पण त्या वाचून दुर्गाबाई समजत नाहीत, हे माझे म्हणणे आहे आणि ते मी पुराव्यानिशी मांडू इच्छितो.

आधी पुरस्कार घेऊ, कारण वादाचा जोर सगळा तिथेच असतो. दुर्गाबाई पडद्यावर आल्या १९३१ मध्ये. फिल्मफेअर पुरस्कार सुरू झाले १९५४ मध्ये. राष्ट्रीय पुरस्कारांत अभिनेत्रीसाठी स्वतंत्र पुरस्कार मिळू लागला तो १९६७ च्या चित्रपटांपासून. म्हणजे त्यांच्या कारकिर्दीची पहिली वीस-बावीस वर्षे अशा काळात गेली, की आज आपण ज्यांना मोठे पुरस्कार म्हणतो ते देणारी संस्थाच अस्तित्वात नव्हती. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला १९५८ मध्ये, पद्मश्री १९६८ मध्ये, ‘बिदाई’ या १९७४ च्या चित्रपटासाठी फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार आणि १९८३ चा फाळके पुरस्कार. यांतला पहिला मान आला तेव्हाही त्या ५३ वर्षांच्या होत्या. या यादीवरून चित्र काढायला बसलेल्या लेखकाच्या डोळ्यांसमोर साहजिकच एक सोज्ज्वळ, वयस्क आई उभी राहते. आणि तसेच लिहिले जाते: पडद्यावरची थोर माता.

आता त्याआधीचा एक सन्मान पाहा. बंगालच्या चित्रपट-पत्रकारांच्या संघटनेने, म्हणजे बीएफजेएने, दुर्गाबाईंना लागोपाठ दोनदा हिंदी चित्रपटांतल्या सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार दिला. एकदा ‘चरणों की दासी’साठी आणि एकदा ‘भरत मिलाप’साठी. पहिला चित्रपट १९४१ चा, आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’चे हिंदी रूप. त्यात दुर्गाबाईंनी सुनेला छळणारी सासू केली. दुसरा १९४२ चा, विजय भट्ट यांचा. त्यात त्या कैकेयी झाल्या. वय छत्तीस-सदतीस, प्रेक्षक ज्यांना तारामती आणि सीता म्हणून ओळखत होता अशी अभिनेत्री, आणि ती लागोपाठ अशा दोन बायका उभ्या करते ज्यांच्यावर प्रेक्षक चिडायला हवा. पुण्यवान बाईची प्रतिमा हातात असताना ती बाजूला ठेवणे हा विचार करून घेतलेला निर्णय असतो. त्या काळच्या पत्रकारांनी त्या निर्णयाची किंमत ओळखली. आपल्या लेखांत मात्र हे दोन पुरस्कार असलेच तर ‘अन्य सन्मान’ या शीर्षकाखाली असतात. आणि ही कैकेयी कुठे घडली? इथे, अंधेरीत. भट्ट बंधूंच्या प्रकाश पिक्चर्सचा स्टुडिओ अंधेरीचा.

आता घराण्याकडे वळतो. कुलीन घरातली बाई चित्रपटात आली आणि इतरांसाठी दार उघडले, असे आपण दुर्गाबाईंविषयी म्हणतो. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये १९१३ साली तारामती केली ती साळुंके नावाच्या पुरुषाने, कारण बाई मिळेना. १९३२ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’त तीच तारामती दुर्गाबाईंनी केली. दोन तारखा शेजारी ठेवल्या की गोष्ट किती सरळ वाटते! पण मधल्या एकोणीस वर्षांत काय झाले? फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या, तेही १९१३ मध्येच. फातमा बेगम यांनी १९२६ मध्ये चित्रपट दिग्दर्शित केला. रूबी मायर्स म्हणजे सुलोचना, झुबेदा, गोहर या बायकांनी मूकपट आपल्या खांद्यांवर उचलून धरला. दार त्यांनी उघडले होते. त्यांचे घराणे आपल्याला सोयीचे वाटले नाही म्हणून त्या दारामागेच राहिल्या.

यावर आक्षेप घेतला जातो, आणि तो वजनदार आहे. त्या काळच्या मध्यमवर्गावर दुर्गाबाईंच्या घराण्याचा परिणाम झाला हे वास्तव आहे, ते इतिहासातून कसे काढून टाकणार? काढू नये. पण परिणाम कशाचा झाला ते नीट पाहावे. दुर्गाबाईंचा पहिला चित्रपट ‘अयोध्येचा राजा’ नव्हे. त्याआधी १९३१ मध्ये मोहन भवनानींच्या ‘फरेबी जाल’मध्ये त्यांनी छोटे काम केले होते. घराणे तेच, नाव तेच, आणि तरीही त्या चित्रपटानंतर त्यांच्या वाट्याला टीका आणि मनस्तापच आला. घराण्याच्या नावाने बाई तरत असती तर तिथेच तरली असती. तरली ती पुढच्या वर्षी, व्ही. शांतारामांच्या हाताखाली, कोल्हापुरात, कामामुळे. ते काम काय होते तेही सांगायला हवे. हा चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत निघाला, म्हणजे तोच प्रसंग, तोच सेट, तीच भावना, आणि एकदा एका भाषेत उभी केलेली तारामती पुन्हा दुसऱ्या भाषेत उभी करायची. पार्श्वगायन अजून आले नव्हते. कॅमेऱ्यासमोर उभे राहून, चेहऱ्यावरचा भाव न ढळू देता, स्वतःच्या गळ्याने गायचे. इंग्रजी शाळा-कॉलेजात शिकलेल्या, रंगभूमीची तालीम पाठीशी नसलेल्या तरुण बाईने हे सारे सेटवरच शिकून घेतले. त्यानंतर चारच वर्षांनी ‘अमरज्योती’त त्यांनी सौदामिनी केली: मुलाचा ताबा नाकारला गेला म्हणून राज्याविरुद्ध उभी राहिलेली, समुद्रावर चाचेगिरी करणारी बाई. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. सौदामिनीचे बळ घराण्याने समजावता येत नाही.

आणि मुळात दुर्गाबाई चित्रपटात आल्या त्या गरजेपोटी. सासरची आर्थिक घडी विस्कटली होती, दोन मुलगे वाढवायचे होते, पुढे तरुणपणीच वैधव्य आले. हे त्यांनी ‘मी, दुर्गा खोटे’ या १९८२ च्या आत्मचरित्रात उघडपणे सांगितले आहे. ज्या बाईने पैशाची गोष्ट न लाजता लिहिली तिच्याविषयी लिहिताना आपण पैशाचा विषयच टाळतो. त्या काळची रीत अशी होती की कलावंत एका कंपनीचा मासिक पगारी नोकर असे. कंपनी सांगेल ते काम करायचे, दुसरीकडे जायचे नाही. दुर्गाबाई प्रभातमध्ये असताना आणि नंतरही कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये ‘राजरानी मीरा’, ईस्ट इंडिया फिल्म कंपनीत ‘सीता’, पुढे प्रकाशमध्ये, असे काम करत राहिल्या. आज ज्याला आपण फ्रीलान्स म्हणतो, तसे काम करणाऱ्या पहिल्या मोजक्या कलावंतांत त्या होत्या. नटराज सिनेटोनच्या ‘साथी’च्या निर्मितीत त्या उतरल्या. नंतर त्यांनी माहितीपट आणि जाहिरातपट करणारी स्वतःची कंपनी काढली. दूरदर्शनवरची १९८८ ची ‘वागले की दुनिया’ ही त्या कंपनीचीच मालिका. प्रेक्षकांना त्यातला वागले आठवतो, निर्मात्यांचे नाव आठवत नाही. पन्नास वर्षे उद्योग करणाऱ्या बाईला आपण ‘चरित्र अभिनेत्री’ म्हणून मोकळे होतो.

पुरस्कार नसते तर नावही उरले नसते, असे काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. फाळके पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिला मान १९६९ साली देविका राणींना मिळाला. पुढे १९७३ मध्ये सुलोचना, १९७६ मध्ये कानन देवी, १९८३ मध्ये दुर्गाबाई. त्यानंतर लता मंगेशकर आणि आशा भोसले या गायिकांना तो मिळाला, पण अभिनेत्रीला मिळाला तो थेट २०२० सालचा, आशा पारेख यांना. मधली ३७ वर्षे एकही नटी नाही. याच काळात नूतन गेल्या, ललिता पवार गेल्या, लीला चिटणीस गेल्या. पुरस्कार हाच थोरवीचा पुरावा मानला, तर ललिताबाईंचे काम दुर्गाबाईंपेक्षा हलके ठरवावे लागेल. हे या सभागृहातला कुणीही मान्य करणार नाही. मग तोच पुरावा बाकीच्या वेळी आपण का वापरतो?

दुसरा आक्षेप साधनांचा. स्टुडिओ गेले, कागद रद्दीत गेले, कामाचा इतिहास लिहायचा कशावरून? अडचण खरी आहे. ज्या मोहन स्टुडिओत ‘मुघल-ए-आझम’ घडला, जिथे सलीमवर चाल करून निघालेल्या अकबरापुढे उभ्या जोधाबाईच्या मनातली पत्नी आणि आई यांची ओढाताण दुर्गाबाईंनी केवळ नजरेने दाखवली, तो स्टुडिओ अंधेरीत आज उरलेला नाही. पण मराठीच्या अभ्यासकाने साधने नाहीत म्हणणे मला शोभादायक वाटत नाही. शांता आपटे यांनी १९३९ मध्ये प्रभातच्या दारात उपोषण केले आणि पुढच्याच वर्षी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले. हंसा वाडकरांचे ‘सांगत्ये ऐका’ आहे, लीला चिटणीसांचे ‘चंदेरी दुनियेत’ आहे, दुर्गाबाईंचे आत्मचरित्र आहे. करार, पगार, कंपनीची दादागिरी, मुलांना घरी ठेवून शूटिंगला जाणे, हे सगळे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे. आपण ही पुस्तके वाचतो ती भानगडी शोधण्यासाठी. ती कामाची साक्ष म्हणून वाचा, एवढेच मी मागतो आहे.

या मागणीला आजचेही कारण आहे. इथून जवळच, वर्सोव्याच्या आरामनगरात, रोज शेकडो मुली ऑडिशनसाठी उभ्या असतात. मालिकेच्या कामाचे पैसे नव्वद दिवसांनी मिळतात, ही या धंद्यातली रूढ गोष्ट. त्या मुलींना दुर्गाबाईंच्या पदकांचा काही उपयोग नाही. एकट्या बाईने कंपनीच्या पगारावर अवलंबून न राहता, हव्या त्या भूमिका निवडत पन्नास वर्षे काम कसे टिकवले, ही माहिती मात्र त्यांच्या हक्काची आहे.

तेव्हा अंधेरी, मालाड, गोरेगावच्या स्टुडिओंची जंत्री व्हावी, जुन्या कलावंतांच्या आणि तंत्रज्ञांच्या घरातले करारनामे नि हिशेबाच्या वह्या मिळतील तिथून गोळा कराव्यात, निवृत्त कामगारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित व्हाव्यात. याचा तपशील आणि खर्च कार्यकारिणीने ठरवावा, मी त्यात शिरत नाही. पुढच्या संमेलनापासून मात्र एक नियम असावा. अभिनेत्रीवरच्या प्रत्येक निबंधात तिने कुणाशी, किती काळासाठी, कोणत्या अटींवर काम केले हे पहिल्या पानावर यावे, आणि ज्याला ते सापडले नाही त्याने कुठे कुठे शोधले ते लिहावे. हा ठराव आजच्या समारोपाच्या सत्रात मतास टाकावा, अशी माझी संयोजकांना विनंती आहे.