परभाषेची परीक्षा

नागपूरच्या दक्षिणेस हुडकेश्वर नांवाचें एक खेडें होतें. नांव अद्याप तेंच आहे. खेडें मात्र राहिलेलें नाहीं. शहर वाढत वाढत त्याच्या वेशीला येऊन भिडलें, शेतांचे भूखंड पडले, वसाहती उठल्या आणि महानगरपालिकेच्या हद्दींत त्याची गणना होऊं लागली. अशा एखाद्या वसाहतींतील घर श्रोत्यांनीं डोळ्यांसमोर आणावें. तिन्हीसांजेला देवापुढें दिवा लागला आहे. परिचर्येचा अभ्यासक्रम पुरा केलेली मुलगी आंतल्या खोलींत वही घेऊन मोबाईलच्या पडद्यासमोर बसली आहे, आणि पुण्यास असलेल्या शिक्षिका तिला व तिच्यासारख्या वीस जणांना जर्मन भाषा शिकवीत आहेत. तास संपतो. आजी विचारते, "काय गं, झाली का पाठ तुझी ती भाषा?" नात म्हणते, "पाठ झाली, आजी. बोलतां तेवढी येत नाहीं."

ह्या एका उत्तरांत परभाषा-शिक्षणाचा सगळा प्रश्न सांठलेला आहे. परभाषा शिकण्याची हौस महाराष्ट्राला नवी नाहीं; नवी आहे ती निकड. फेब्रुवारी २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनानें जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशीं कुशल मनुष्यबळ पुरविण्याविषयीं करार केला. त्या देशांत वृद्धांची संख्या वाढत चालली असून त्यांची शुश्रूषा करणारे हात अपुरे पडत आहेत. तेथें परिचारिका म्हणून पूर्ण मान्यता मिळावयाची तर सामान्यतः 'बी-२' ह्या पातळीचें भाषाज्ञान लागतें. तेव्हां ही भाषा ह्या मुलीस शोभेसाठीं नको आहे. वडिलांनीं बाजूला काढलेला पैसा, तिच्या वयाचीं दोन-तीन वर्षें आणि पुढें एखाद्या अनोळखी रुग्णाचा जीव, हें सर्व त्या भाषेवर अवलंबून राहणार आहे. मध्यरात्रीं एखाद्या वृद्धानें छातीवर हात ठेवून दोन शब्द पुटपुटले, तर ते त्याच क्षणीं तिला कळले पाहिजेत. तेथें कोश उघडून बसण्यास सवड नसते.

पूर्वींच्या पिढ्यांनीं इंग्रजी कशी हस्तगत केली हें जुन्या घरांतून सर्वांस ठाऊक आहे. तर्खडकरांची भाषांतर-पाठमाला, तींतील नियम, शब्दांच्या याद्या, मराठी वाक्यांचें इंग्रजी आणि इंग्रजी वाक्यांचें मराठी, असा तो क्रम होता. त्या पद्धतीची थट्टा करणें आज सोपें झालें आहे. परंतु खेड्यांतील एकट्या पडलेल्या विद्यार्थ्यासही तिनें परभाषेच्या ग्रंथांचें दार उघडून दिलें, हें विसरून चालणार नाहीं. ज्यास ग्रंथ वाचावयाचे आहेत त्यास व्याकरण व भाषांतर हाच राजमार्ग होय. पंडिता रमाबाईंनीं हिब्रू व ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास केला, तो बायबल मुळांतून मराठींत आणण्यासाठीं. त्यांचें तें भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ सालीं, प्रसिद्ध झालें. त्यांना बाजारांत जाऊन हिब्रू भाषेंत भाजी घ्यावयाची नव्हती. हेतु वाचनाचा होता आणि साधनही वाचनाचेंच होतें.

घोटाळा होतो तो हेतु बोलण्याचा आणि परीक्षा केवळ लेखणीची असली म्हणजे. ह्याचें उत्तम उदाहरण जपानचें आहे. मातृभाषा बाजूस ठेवून शिकावयाच्या भाषेंतूनच ती भाषा शिकविण्याची रीत बर्लिट्झ ह्यांनीं १८७८ सालीं अमेरिकेंतील प्रॉव्हिडन्स शहरीं आपल्या शाळेंत चालू केली होती. पुढें १९२२ सालीं जपानच्या शिक्षणखात्यानें हॅरॉल्ड पामर ह्या इंग्रज भाषातज्ज्ञास सल्लागार म्हणून बोलाविलें. पामर ह्यांचा भर आधीं कानावर व जिभेवर, आणि मग डोळ्यावर व लेखणीवर असे. विचार शास्त्रशुद्ध होता, शासनाचा पाठिंबा होता. तरीही ती पद्धति देशभर रुजली नाहीं. कारण वरच्या शाळांच्या प्रवेशपरीक्षा लेखीच राहिल्या आणि त्यांत भाषांतरास मोठें स्थान राहिलें. जें परीक्षेंत विचारलें जात नाहीं तें वर्गांत शिकविलें जात नाहीं. हा नियम कोणत्याही शिक्षणखात्यानें केलेला नाहीं. पण तो मोडणें कोणत्याच खात्यास फारसें साधलेलें नाहीं.

आपल्याकडेही अकरावी-बारावीस फ्रेंच किंवा जर्मन घेणाऱ्या मुलांपैकीं कित्येकजण ती 'गुण देणारी भाषा' म्हणून घेतात. गुण भरघोस मिळतात, त्याबद्दल घरांत पेढेही वांटले जातात. परंतु दोन वर्षांनंतर त्या भाषेंत रस्ता विचारावयाची वेळ आली तर तोंड उघडत नाहीं. त्यांत मुलांचा दोष नाहीं. रिकाम्या जागा भरा म्हटलें, त्यांनीं भरल्या. बोलून दाखवा असें त्यांस आग्रहानें कोणी म्हटलेंच नाहीं.

वस्तुतः बोलण्याची परीक्षा ही कांहीं आजची कल्पना नव्हे. १९१३ सालीं केंब्रिज विद्यापीठानें परकीयांसाठीं इंग्रजी-प्रावीण्याची परीक्षा प्रथम घेतली. तींत भाषांतर, व्याकरण, निबंध, वाङ्मय व उच्चारशास्त्र ह्यांच्या जोडीला श्रुतलेखन, प्रकट वाचन आणि संभाषण हींही होतीं. परीक्षेस तीन उमेदवार बसले आणि तिघेही नापास झाले. इतकी कठोर परीक्षा सर्वांस उपयोगी पडणार नाहीं, हें उघड आहे. पण जिभेची परीक्षा जिभेनेंच घ्यावी लागते, हें त्या परीक्षकांनीं ओळखलें होतें.

अलीकडचा मोठा बदल २००१ सालचा. त्या वर्षीं काउन्सिल ऑफ युरोप ह्या संस्थेनें भाषाज्ञानाच्या सहा पातळ्या ठरवून प्रसिद्ध केल्या: ए-१ पासून सी-२ पर्यंत. ह्या पातळ्या व्याकरणाच्या प्रकरणांवरून मोजल्या जात नाहींत. शिकणारा त्या भाषेंत काय करूं शकतो, ह्यावरून मोजल्या जातात. गेटे इन्स्टिट्यूटच्या अगदीं पहिल्या पातळीच्या जर्मन परीक्षेंत देखील उमेदवारास आपली ओळख करून देऊन नांवाचीं अक्षरें सांगावीं लागतात, हातीं आलेल्या चिठ्ठीवरील शब्द घेऊन दुसऱ्या उमेदवारास प्रश्न विचारावा लागतो, आणि चित्र पाहून एखादी विनंती करावी लागते. बी-२ च्या परीक्षेंत वाचन, श्रवण, लेखन व संभाषण असे चार स्वतंत्र भाग असून प्रत्येकांत शंभरांपैकीं साठ गुण मिळवावे लागतात. लेखनांतील नव्वद गुणांनीं संभाषणांतील चाळीस गुणांची भरपाई होत नाहीं. उलट जपानी भाषेची १९८४ सालीं सुरू झालेली सुप्रसिद्ध प्रावीण्य-परीक्षा वाचन व श्रवण काटेकोरपणें तपासते, परंतु तींत उमेदवारास एक वाक्यही बोलावें लागत नाहीं. तिचें प्रमाणपत्र खोटें नव्हे. तें कशाचें प्रमाण आहे तेवढें मात्र नीट वाचून घ्यावें.

आतां पडद्यावरील वर्गाकडे वळूं. दुरून भाषा शिकविण्याचा पहिला मोठा प्रयोग नभोवाणीनें केला. जपानच्या नभोवाणीवर इंग्रजीचे पाठ १९२५ सालीं सुरू झाले, आणि बी. बी. सी. नें १९४३ पासून जगभर इंग्रजी शिकविली. त्यांत एक उणीव होती: शिकणाऱ्यास शिक्षकाचें ऐकूं येई, शिक्षकास शिकणाऱ्याचें ऐकूं येत नसे. पडद्यानें ती उणीव भरून काढली. मार्च २०२० मध्यें महासाथीमुळें शाळांचीं दारें बंद झालीं तेव्हां हे वर्ग घराघरांत शिरले. अमेरिकेच्या टोफेल परीक्षेनेंही त्याच महिन्यांत घरीं बसून परीक्षा देण्याची सोय केली. पुण्यामुंबईस न जातां हुडकेश्वरच्या मुलीस चांगली शिक्षिका लाभावी, हा लाभ लहान नव्हे.

परंतु गंमत अशी कीं, आवाज दोन्ही बाजूंनीं जाऊं लागला, तरी वीस जणांच्या वर्गांत एकोणीस जणांचे माइक बंद असतात. शिक्षिका एकट्याच बोलतात आणि वर्ग पुन्हां जुन्या नभोवाणीसारखा एकतर्फी होतो. परीक्षेच्या वेळीं अडचण निराळी. पडद्यामागें कोणती चिठ्ठी आहे, कोणाचा आवाज आहे, कोणतें यंत्र उत्तर पुरवीत आहे, हें दिसत नाहीं. त्यावर पहारा वाढविणें हा एक उपाय आहे. पण प्रश्न बदलणें हा अधिक चांगला उपाय आहे. 'भूतकाळाचीं रूपें सांगा' ह्या प्रश्नास चिठ्ठी पुरते. 'काल सायंकाळीं घरीं काय झालें तें सांगा, आणि त्यानंतर काय केलेंत?' असा एकांतून दुसरा प्रश्न निघत गेला म्हणजे चिठ्ठी हातांतच राहते.

शिक्षकानें मातृभाषेचेंही साह्य घ्यावें. मराठी मुलांपाशीं कांहीं ठेवा आयताच आहे. 'चूल' व 'चमचा' ह्या शब्दांच्या आरंभींचा जो च, तोच जर्मन भाषेंत दहा ह्या अर्थाच्या 'त्सेन' शब्दाच्या आरंभीं आणि जपानी 'त्सुनामी'च्या आरंभीं ऐकूं येतो. जर्मन भाषेस मराठीप्रमाणेंच तीन लिंगें आहेत. तिच्यांत मुलगी ह्या अर्थाचा शब्द नपुंसकलिंगी आहे हें ऐकून इतरांस नवल वाटेल, पण 'तें लेकरूं' म्हणणाऱ्यास वाटूं नये. जपानी वाक्याचें क्रियापद मराठीसारखेंच शेवटीं येतें. जेथें मराठी पुरत नाहीं तेथें मात्र कसून सराव हवा. ओठ 'उ' चे करून जीभ 'ई' च्या जागीं ठेवावी, म्हणजे एक जर्मन स्वर निघतो. 'द्रुकन' ह्या शब्दांत साधा उ असला तर अर्थ छापणें, आणि हा दुसरा स्वर असला तर अर्थ दाबणें. छातीवर दडपण आल्याचें सांगणारा रुग्ण हा दुसरा शब्द वापरतो. परीक्षकानें गुण कापावेत ते अशा चुकीला. एखादा प्रत्यय अडखळला पण अर्थ पोंचला, तर तेथें हात आंखडूं नये. दोन्ही चुकांना सारखीच लाल रेघ मारली म्हणजे मुलांस बोलण्याचीच धास्ती बसते.

शेवटीं, ज्या घरांत परभाषा कोणासच येत नाहीं त्या घरानें काय करावें? त्यालाही एक परीक्षा घेतां येईल. आजीनें आपल्या गुडघ्याचें दुखणें मराठींत सांगावें: केव्हांपासून दुखतें, जिना चढतांना कीं उतरतांना, रात्रीं झोंप लागते कीं नाहीं. नातीनें तें सारें आपल्या वर्गांतील मैत्रिणीस फोनवर जर्मन भाषेंत सांगावें. मैत्रिणीनें जें समजलें तें मराठींत लिहून पाठवावें, आणि तें आजीस वाचून दाखवावें. आजी लगेच सांगेल, "उतरतांना दुखतं म्हटलं होतं मी; हिनं चढतांना लिहिलं." जर्मनचें एक अक्षरही न जाणणाऱ्या त्या आजीनें चूक बरोबर पकडलेली असेल. असे दहा मिनिटांचे दहा प्रसंग झाले म्हणजे भाषा नुसती पाठ राहणार नाहीं. ती हळूहळू तोंडांत येईल, आणि परदेशांतील त्या रुग्णाच्या उशाशीं उभें राहतांना ती जवळ असेल.