बॉम जीझस चर्च आणि चुन्याचा गिलावा
(एका व्याख्यानाचा पाठ)



छत्रपती संभाजीनगरच्या रहिवाशाला दगडाची ओळख करून द्यावी लागत नाही. अजिंठा आणि वेरूळ येथील लेणी ज्या काळ्या कातळात कोरली गेली, त्याच कातळाच्या प्रदेशात हे शहर वसले आहे. गिलाव्याकडे मात्र आपले लक्ष त्या मानाने कमी जाते. वास्तविक अजिंठ्याची जगप्रसिद्ध चित्रे उघड्या दगडावर नव्हे, तर दगडावर चढविलेल्या लेपावर रंगविलेली आहेत. आणि १७व्या शतकातील बीबी का मकबऱ्याच्या शुभ्रतेत संगमरवराइतकाच, किंबहुना अधिक, वाटा चुन्याच्या गिलाव्याचा आहे. दगड हे वास्तूचे शरीर मानले तर गिलावा ही तिची त्वचा होय. ही त्वचा काढून घेतली म्हणजे काय घडते, याचे उदाहरण जुन्या गोव्यातील एका प्रख्यात चर्चने आपल्यापुढे ठेवले आहे.

हे चर्च म्हणजे बॉम जीझसची बासिलिका. जेझुइट संघाने तिची पायाभरणी २४ नोव्हेंबर १५९४ रोजी केली आणि १५ मे १६०५ रोजी आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांच्या हस्ते तिचे विधिपूर्वक समर्पण झाले. 'बॉम जीझस' याचा अर्थ 'भला येशू'. १९४६ मध्ये या चर्चला 'बासिलिका' हा मान मिळाला, आणि १९८६ मध्ये युनेस्कोने गोव्यातील चर्च व मठ यांचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला, त्यांत हिची गणना झाली.

वास्तूची रचना क्रुसाच्या आकाराची आहे. लांबी सुमारे ५६ मीटर, रुंदी सुमारे १७ मीटर आणि उंची सुमारे साडेअठरा मीटर. आतील मुख्य दालन एकसंध असून प्रार्थनेस जमलेल्या सर्वांची दृष्टी सोन्याचा मुलामा दिलेल्या मुख्य वेदीकडे जावी, अशी योजना आहे. दर्शनी भाग तीन मजली असून त्याच्या माथ्यावरील चौकोनी भागात येशूच्या नावाची निदर्शक अशी 'आयएचएस' ही अक्षरे कोरलेली आहेत. युरोपात त्या काळी रूढ असलेल्या स्तंभांच्या विविध शैली या एकाच दर्शनी भागावर एकत्र पाहावयास मिळतात. या भागाच्या कोरीव कामासाठी काळा दगड आणला गेला तो वसईहून. म्हणजे गोव्याच्या या वैभवात महाराष्ट्राच्या कातळाचाही अंश आहे.

सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव येथे असल्यामुळे या चर्चची कीर्ती दूरवर पसरली. झेवियर यांचे निधन ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यालगतच्या एका बेटावर झाले. पुढे त्यांचे पार्थिव गोव्यात आणण्यात आले. ते ज्या रुप्याच्या पेटीत आहे, ती १७व्या शतकात गोव्यातीलच कारागिरांनी घडविली. पेटीखालील संगमरवरी समाधी मात्र फ्लॉरेन्सचे शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी यांची असून टस्कनीचे अधिपती तिसरे कोझिमो यांनी ती भेट दिली. १६९८ मध्ये ती येथे बसविण्यात आली. एकाच समाधीत इटलीची शिल्पकला आणि गोव्याची कारागिरी यांचा असा संगम झाला आहे.

चर्चच्या भिंती जांभ्या दगडाच्या आहेत. कोकण व गोवा येथे घरबांधणीसाठी वापरला जाणारा चिरा तो हाच. खाणीतून काढताना तो मऊ असतो, सहज तासता येतो आणि हवा लागल्यावर कठीण होतो. परंतु तो सच्छिद्र आहे. त्याच्या पोकळ्यांत मातकट भाग असतो आणि पावसाच्या माऱ्याने तो वाहून जातो. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे जुन्या बांधकाम करणाऱ्यांनी जांभ्याच्या भिंतींवर चुन्याचा जाड गिलावा का चढविला, याचा उलगडा होतो. बॉम जीझसचा दर्शनी भाग वगळता बाकीच्या भिंतींवरही असा गिलावा होता. जवळच असलेली से कॅथेड्रल व सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचे चर्च आजही पांढरी दिसतात, ती याच परंपरेमुळे.

मग बॉम जीझस आज तांबडे का? १९५०च्या दशकाच्या आरंभी, झेवियर यांच्या निधनास ४०० वर्षे पूर्ण होत असताना, पोर्तुगालहून आलेले वास्तुतज्ज्ञ बाल्ताझार द काश्त्रो यांच्या देखरेखीखाली हा गिलावा काढून टाकण्यात आला. वास्तू अधिक प्राचीन दिसावी, हा त्यामागील हेतू होता. त्या काळी पोर्तुगालमध्येही अनेक जुन्या वास्तूंचा गिलावा उतरवून दगड उघडा करण्याची प्रथा पडली होती. परंतु पोर्तुगालचा कणखर ग्रॅनाइट निराळा आणि गोव्याचा जांभा निराळा. एका देशाचा उपाय दुसऱ्या देशाच्या दगडाला लागू पडला नाही.

तेव्हापासून उघड्या जांभ्याने कित्येक पावसाळे सोसले आहेत. २०२० मध्ये चर्चच्या प्रमुखांनी छतातील गळती आणि भिंतींची झीज यांकडे जाहीरपणे लक्ष वेधले व गिलावा पुन्हा चढविण्याची मागणी केली. त्यावर मतभेदही प्रकट झाले. अनेक पिढ्यांच्या मनात हे चर्च तांबडेच ठसले आहे. ते रूप बदलू नये, असे काहींना वाटते. ही भावना समजण्यासारखी आहे. तथापि, जे रूप पुरातन म्हणून जपावयाचे, ते अवघे सात दशकांचे आहे आणि जे पुसले गेले, ते साडेतीन शतकांचे होते, हे विसरता येणार नाही. अजिंठ्याचा लेप खरवडून खाली दडलेला अस्सल कातळ दाखवावा, असे कोणी सुचविले तर आपण ते मान्य करू काय?

या उदाहरणापासून घ्यावयाचा बोध केवळ गोव्यापुरता नाही. आपल्या गावांतही जुनी मंदिरे, दर्गे, चर्च, वेशी, वाडे आणि बारवा आहेत. जीर्णोद्धाराच्या उत्साहात कोठे चुना खरवडून दगड उघडा केला जातो, तर कोठे त्यावर सिमेंट थापले जाते. दोन्हींत हानी आहे. चुन्याचा गिलावा भिंतीतील ओलावा बाहेर पडू देतो. सिमेंट तो आतच कोंडते आणि क्षारांमुळे दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. चुना काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, हा त्याचा दोष नव्हे. स्वतः झिजून दगडाला वाचविणे हेच त्याचे कार्य होय.

म्हणून पंचायतीने जुन्या वास्तूच्या दुरुस्तीचा ठराव करण्यापूर्वी ती संरक्षित स्मारक आहे काय, याची पुरातत्त्व विभागाकडे चौकशी करावी. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवतीचा १०० मीटरचा परिसर बांधकामास निषिद्ध आणि त्यापुढील २०० मीटरचा नियंत्रित असतो. वास्तू संरक्षित नसली, तरी अंदाजपत्रक तयार करताना तिचा मूळ गिलावा कशाचा होता, हे आधी पाहावे आणि चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्याचा सल्ला घ्यावा. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एखाद्या जुन्या भिंतीपाशी न्यावे आणि पाणी कोठून उतरते, ओल कोठे साचते, दगड कोठे झिजला आहे, हे त्यांना पाहावयास सांगावे. वारशाचे याहून चांगले पाठ्यपुस्तक नाही.

वास्तू जुनी दिसावी यासाठी केलेला प्रयत्न आणि ती टिकावी यासाठी केलेला प्रयत्न यांत अंतर आहे. बॉम जीझसच्या तांबड्या भिंती प्रत्येक पावसाळ्यात हे अंतर दाखवून देत आहेत. आपल्या गावातील एखाद्या भिंतीवर टिकाव घालण्यापूर्वी त्यांचे स्मरण झाले, तरी पुष्कळ काही वाचेल.