रक्तातील दाह आणि स्तनाचा कर्करोग

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



ट्रस्टच्या शिबिरांत रक्त तपासले जाते, अहवाल हाती येतो आणि त्यातील आकड्यांवरून कोणी धास्तावते, तर कोणी निश्चिंत होते. म्हणूनच मी आज हा विषय निवडला आहे.

काही वर्षांपूर्वी एक भगिनी माझ्याकडे आल्या. स्तनातील गाठ त्यांना आठ महिने जाणवत होती. दुखत नव्हती, म्हणून घरात बोलल्या नाहीत. मधल्या काळात रक्ततपासणी 'नॉर्मल' आली आणि त्यांचे मन शांत झाले. प्रत्यक्षात रोग काखेतील ग्रंथींपर्यंत पोहोचला होता. अहवाल खरा होता, पण गाठ कसली आहे हे सांगण्याचे त्याचे सामर्थ्यच नव्हते.

मग कर्करोगात रक्त काय सांगते? गाठींच्या ऊतींमध्ये पांढऱ्या पेशी असल्याचे पाहून जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो यांनी १८६३ मध्ये दाह व कर्करोग यांचा संबंध मांडला. गाठीभोवतीचा दीर्घकालीन दाह तिच्या वाढीस व प्रसारास साह्य करतो, हे आज आपण जाणतो. त्याचे पडसाद रक्तात उमटतात. इंटरल्युकिन-६ या द्रव्याच्या संकेताने यकृत सी.आर.पी. नावाचे प्रथिन अधिक तयार करते. साध्या सी.बी.सी. तपासणीत न्यूट्रोफिल ६० टक्के व लिम्फोसाइट ३० टक्के असतील, तर त्यांचे गुणोत्तर २ होते. लिम्फोसाइट या कर्करोगाशी झुंजणाऱ्या पेशी. स्तनाच्या कर्करोगात हे गुणोत्तर अधिक असलेल्या रुग्णांमध्ये रोगाची वाटचाल तुलनेने प्रतिकूल असते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

परंतु सी.आर.पी. जंतुसंसर्ग, संधिवात, हिरड्यांचा दाह, स्थूलता यांमुळेही वाढते. केमोथेरपीसोबत दिलेल्या स्टिरॉइडने न्यूट्रोफिल वाढतात. त्यामुळे या आकड्यांवरून कर्करोगाचे निदान होत नाही. आकडा वाढला म्हणून घाबरू नये आणि नॉर्मल आला म्हणून गाठीकडे दुर्लक्षही करू नये. एका नयाने पाहिलेला अंश म्हणजे संपूर्ण सत्य नव्हे, ही अनेकांताची शिकवण येथेही लागू पडते. गाठीचे खरे स्वरूप कळण्यास डॉक्टरांनी केलेली तपासणी, मॅमोग्राफी अथवा सोनोग्राफी आणि आवश्यकतेनुसार बायोप्सी हाच मार्ग आहे. सुई लावल्याने रोग पसरेल या भीतीने बायोप्सी टाळणे घातक ठरते.

मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांपैकी जवळजवळ निम्म्या स्त्रियांची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दोन-दोन वर्षांनी, केवळ हातांनी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटात रोग लवकरच्या टप्प्यात सापडला आणि ५० वर्षे व त्यापुढील स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले.

म्हणून ट्रस्टला माझी नम्र विनंती आहे की, रक्ततपासणी शिबिरास महिला डॉक्टरांकडून स्तनतपासणीची जोड द्यावी. उपचार सुरू असलेल्या भगिनींनी उपवास वा अन्य तप करण्यापूर्वी डॉक्टरांना अवश्य विचारावे. पुरुषांनाही एक सांगणे आहे. घरातील स्त्री संकोचाने बोलत नसेल, तर आपण आपुलकीने विचारावे आणि तिच्यासोबत दवाखान्यात जावे. जीवदयेचा आरंभ आपल्या घरापासूनच व्हावा.

जय जिनेंद्र!