तुलनात्मक साहित्य आणि आमच्या घरातील मराठी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



आमच्या कन्येने येथील जादवपूर विद्यापीठात बी. ए.साठी तुलनात्मक साहित्य हा विषय घेतला, तेव्हा "याचा उपयोग काय?" असे आम्ही उभयतांनीच प्रथम विचारले, हे आज कबूल करावयास हवे. या विषयाचा हा देशातील पहिला विभाग. १९५६ साली कवी बुद्धदेव बसू यांनी तो उभा केला. बीज मात्र जुने. विद्यापीठाची मातृसंस्था असलेल्या राष्ट्रीय शिक्षण परिषदेत १९०७ साली रवींद्रनाथांनी 'विश्वसाहित्य' या विषयावर व्याख्यान दिले होते. एका भाषेचे कुंपण न घालता निरनिराळ्या भाषांतील ग्रंथ शेजारी शेजारी ठेवून वाचावयाचे, ही तेथील रीत.

एकदा जेवताना कन्येने विचारले, "आजोबा, बर्गी म्हणजे कोण हो?" बंगाली आया ज्यांच्या स्वारीची अंगाई गातात ते बर्गी म्हणजे आपलेच बारगीर! स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, असे आजोबांनी समजाविले. १७४२ पासून सुमारे दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून येत होत्या. त्या लुटीचे वर्णन गंगाराम कवीने 'महाराष्ट्र पुराणा'त केले. त्याच बंगालीत १९०४ साली रवींद्रनाथांनी 'शिवाजी-उत्सव' लिहिली, तीही सखाराम गणेश देऊस्कर या बंगालीत लिहिणाऱ्या मराठी गृहस्थांच्या पुस्तिकेच्या निमित्ताने. भयही आपलेच आणि गौरवही आपलाच! कन्या हे सांगताना आम्ही जेवण विसरलो.

मराठी बाजू काय म्हणते ते पाहावे म्हणून आजोबांनी नागपूरकर भोसल्यांची बखर तिच्या हाती दिली. दुसऱ्याच ओळीस ती अडखळली. "तुम्हीच वाचून दाखवा," म्हणाली. तिला गंगाराम वाचता येतो, बखर येत नाही. इंग्रजी शाळा आम्ही निवडली, मराठी बोलण्यापुरती ठेवली, पुस्तक कधी हाती दिले नाही. ज्या वर्गात घरची भाषा हेच भांडवल, तेथे आम्ही तिला रिकाम्या हाताने धाडले.

आता दर रविवारी आजोबा आणि नात बखरीचे एकेक पान वाचतात. आणखी चार घरची मुले यावयास तयार आहेत. मंडळाच्या ग्रंथालयातील दोन कपाटांची किल्ली चिटणीसांकडे असते. ती रविवारी सकाळी मिळावी आणि सभागृहाचा एक कोपरा मोकळा राहावा, एवढीच आमची विनंती आहे.