लांब धाव आणि शिदोरीचा हिशेब

४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनची तयारी करताना तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पाय जड होऊन चित्त खचते, तेव्हा बहुतेक धावपटू आपल्या निश्चयालाच दोष देतात. वस्तुतः स्नायूंत व यकृतात साठलेली शर्करा त्या सुमारास संपुष्टात येत असते, आणि तोवर उपाशी धावलेल्याला मग तोंडात टाकलेला खजूर तत्काळ तारू शकत नाही. म्हणून पहिल्या तासापासूनच, दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके मिळतील अशा बेताने, खात जावे. नुसते पाणी भरमसाट पिणे मात्र रक्तातील सोडियम घटवून जिवावर बेतू शकते. बिघडलेल्या धावेत काय, किती आणि केव्हा खाल्ले याची नोंद त्याच दिवशी वहीत करावी, आणि सरावात न पारखलेला पदार्थ शर्यतीच्या दिवशी खाऊ नये.